कागदाच्या जाडीची फट

भाद्रपद सरत आला की आष्टीत नगर–जामखेड रस्त्याच्या कडेच्या गॅरेजांत जुन्या ट्रकांची हेडं उतरलेली दिसू लागतात. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या हलणार. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, गेवराई, धारूर या भागांतली कुटुंबंच्या कुटुंबं भांडीकुंडी, सरपण, कोंबड्या आणि लेकरं घेऊन पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांवर जातात, ती ट्रकमधून नाहीतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून. एकदा हंगाम सुरू झाला की पुढचे चार-पाच महिने गाडीला उसंत नाही. म्हणून लायनर-पिस्टन बदलायचे, क्रँक घासून आणायची, हेडाचं काम करून घ्यायचं, ते सगळं पावसाळ्याच्या शेवटच्या दिवसांत.

इंजिन बांधून पहिल्यांदा सुरू करतात तेव्हा गॅरेजात चार माणसं जास्तच जमतात. नारळ फुटतो, उदबत्ती लागते. मालक बॉनेटपाशी कान देऊन उभा राहतो. घरघर एकसारखी, वरच्या अंगाला कसलीही टकटक नाही. "एकदम मऊ चाललंय," असं तो खुशीत म्हणतो आणि नेमक्या त्याच वेळी जाणत्या मिस्त्रीच्या कपाळाला आठी पडते. "मुकं चाललंय मालक. बंद करा आधी." नव्या इंजिनाच्या या मुकेपणाला तो का भितो, हे एकदा नीट समजून घेतलं की टॅपेट सेटिंग हे काम किती मोलाचं आहे ते कळतं.

आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या ट्रकांत एकाच घराण्याचं इंजिन बसलेलं आहे. टाटांची टेल्को ही कंपनी १९४५ साली स्थापन झाली ती रेल्वेची इंजिनं बांधायला. १९५४ मध्ये तिने जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार केला आणि त्याच वर्षी जमशेदपूरच्या कारखान्यातून टाटा-मर्सिडीज-बेंझ ट्रक बाहेर पडला. करार १९६९ मध्ये संपला, नाकावरचा तीन टोकांचा तारा गेला, पण इंजिनाची ठेवण तीच राहिली. पुढे वर्षानुवर्षं टाटाच्या ट्रकांत बसलेलं ६९७ हे त्याच ठेवणीतलं. त्याच्या नावातच त्याची मापं आहेत: सिलिंडर सहा, प्रत्येकाचा बोअर ९७ मिलिमीटर. स्ट्रोक १२८ मिलिमीटर, म्हणजे सहा सिलिंडर मिळून ५,६७५ घनसेंटिमीटर. त्याच्या आधीच्या ६९२ चा बोअर ९२ चा होता. आता आष्टीपुरतं सांगायचं तर, इथे नगरहून रेल्वे आली ती २३ सप्टेंबर २०२२ रोजी. तोवर सिमेंटपासून कडब्यापर्यंत सगळं रस्त्यानेच यायचं-जायचं, त्यामुळे एवढ्याशा गावात या इंजिनाची नस न् नस ओळखणारी माणसं तयार झाली यात नवल नाही.

या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन व्हॉल्व्ह असतात. हवा आत घेणारा इनलेट आणि जळलेला वायू बाहेर सोडणारा एक्झॉस्ट. सहा सिलिंडरचे मिळून बारा. खाली ब्लॉकमध्ये कॅमशाफ्ट फिरते. तिच्या उंचवट्यावर टॅपेट उचलला जातो, तो पुशरॉडला वर ढकलतो, पुशरॉड रॉकरचं एक टोक उचलतो आणि तराजूच्या दांडीसारखं रॉकरचं दुसरं टोक खाली येऊन व्हॉल्व्हच्या दांड्यावर दाबतं. उंचवटा सरला की स्प्रिंग व्हॉल्व्हला ओढून पुन्हा सीटवर घट्ट बसवते. इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला १,००० वेळा उघडतो आणि मिटतो. त्याच वेगाने आठ तासांची वाट धरली तर हा आकडा जवळजवळ पाच लाखांवर जातो.

आता मुद्द्याची गोष्ट. व्हॉल्व्ह पूर्ण मिटलेला असताना रॉकरचं टोक आणि व्हॉल्व्हचा दांडा एकमेकांना टेकलेले चालत नाहीत. मधे फट हवी. ही फट मोजून मापावर ठेवणं म्हणजेच टॅपेट सेटिंग. ६९७ साठी थंड इंजिनात इनलेटला ०.२० मिलिमीटर आणि एक्झॉस्टला ०.३० मिलिमीटर. वहीचा साधा कागद अंदाजे ०.१० मिलिमीटर जाड असतो. म्हणजे इनलेटला दोन कागद, एक्झॉस्टला तीन. जुने मिस्त्री हेच माप इंचाच्या हजाराव्या भागात, ‘थाऊ’मध्ये सांगतात: आठ आणि बारा. चार-पाचशे किलोच्या लोखंडी धुडाची तब्येत दोन-तीन कागदांच्या जाडीवर ठरते, हे मला आजही विलक्षण वाटतं.

ही फट कशासाठी, ते आपल्या बैलगाडीला विचारावं. लाकडी चाकाला लोखंडी धाव चढवताना लोहार ती भट्टीत लाल करायचा. धाव चाकापेक्षा किंचित लहान घेतलेली असायची. तापली की फुगून चाकावर सहज बसायची आणि वरून पाणी ओतलं की आक्रसून लाकडाला अशी आवळायची की पुढे कित्येक वर्षं हलायची नाही. लोखंड तापलं की वाढतं, हे आपल्या गावांना पुस्तकाशिवाय ठाऊक होतं. पोलादाचा एक मीटर लांबीचा गज १०० अंशांनी तापवला तर साधारण १.२ मिलिमीटरने लांबतो. व्हॉल्व्हची लांबी वीतभरही नसते, पण एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं तोंड ६००–७०० अंशांपर्यंत तापतं. हेड आणि ब्लॉकही तापून फुगतात, त्यामुळे ही वाढ बरीचशी एकमेकांत जिरून जाते. जी उरते तिला जागा म्हणून फट. इनलेटवरून सतत ताजी हवा वाहते, तो त्या मानाने थंड राहतो. एक्झॉस्टवरून ज्वाळेतून निघालेला वायू जातो. त्याला एक कागद जास्त द्यावा लागतो तो यासाठी.

फट जास्त राहिली तर काय होतं, ते कान सांगतात. रॉकर दांड्यावर आपटतो, टकटक येते. व्हॉल्व्ह उशिरा उघडतो, लवकर मिटतो, पुरता उघडतही नाही. हवा कमी मिळते, गाडीचा दम कमी होतो, आपटून आपटून रॉकर आणि दांड्याची टोकं झिजतात. हे सगळं वाईटच, पण हळूहळू होणारं आणि आवाज करून होणारं.

फट कमी राहिली तर आवाज नाही. थंड इंजिनात व्हॉल्व्ह सीटवर जेमतेम बसतो, गाडी मऊ चालते आणि मालक खूश होतो. मग इंजिन तापतं, दांडा लांबतो, फट संपते आणि रॉकर व्हॉल्व्हला केसभर उघडाच धरून ठेवतो. इथून नासाडी सुरू होते. एक्झॉस्ट व्हॉल्व्हने घेतलेली बहुतेक उष्णता सीटमार्गेच हेडात आणि तिथून पाण्यात जाते. व्हॉल्व्ह सीटवर टेकलेला असतो तेवढाच वेळ त्याला गार व्हायला मिळतो. तेवढंही टेकणं बंद झालं की उष्णतेची वाट तुटते. त्यातच सिलिंडरमधला दाबाखालचा पेटता वायू त्या केसभर जागेतून गॅस-कटरच्या ज्योतीसारखा सुटतो. व्हॉल्व्हची कड जळते, तिला खाच पडते, खाचेतून आणखी वायू सुटतो. डिझेलला ठिणगी नसते, दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच ते पेटतं. दाब गळाला की सकाळी सुरू होताना इंजिन रडकुंडीला आणतं आणि चढावर गाडी मान टाकते.

अशी एक गाडी मी डोळ्यांनी पाहिली. नव्याने बांधलेलं इंजिन, पहिले काही दिवस अगदी लोण्यासारखं. तीन आठवड्यांनी सायलेन्सरमधून फट्‌फट्‌ येऊ लागली. मिस्त्रीने इंजिन चालू ठेवून नोझलच्या पाइपांचे नट एकेक करून ढिले केले. ज्या सिलिंडरचं डिझेल तोडलं त्याच्याबरोबर इंजिन अडखळायचं. चौथ्याचा नट ढिला केला तर आवाजात काडीचा फरक नाही. म्हणजे चौथा आधीच मेलेला. हेड उतरवलं तेव्हा त्याच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडेचा पाचर-एवढा तुकडा गायब होता. पूर्ण हंगामाची उचल घेतलेली टोळी चार दिवस रस्त्याच्या कडेला बसून राहिली. त्या गाडीचं एकदा टॅपेट सेटिंग झालं होतं, हे लक्षात घ्यावं. एकदाच झालं होतं, हा घोटाळा.

कारण नव्याने बांधलेल्या इंजिनात फट आपण ठेवली तिथे राहत नाही, ती कमी होत जाते. हेड आणि ब्लॉकच्या मधली नवी गॅस्केट पहिल्या उष्णतेत आणि दाबात चेपते. हेड तेवढंच खाली येतं. रॉकरचा शाफ्ट हेडावर बसलेला, तोही खाली येतो. पुशरॉडची लांबी मात्र तीच, कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये जिथल्या तिथे. मग पुशरॉड रॉकरला आपोआप वर उचलून धरतो आणि व्हॉल्व्हच्या बाजूची फट खाल्ली जाते. हेडाचे बोल्ट पुन्हा आवळले की आणखी थोडी खाल्ली जाते. दुसरीकडे, घासून सीटला बसवलेले व्हॉल्व्ह पहिल्या काही तासांत सीटमध्ये आणखी रुततात. व्हॉल्व्ह हेडात जितका आत जाईल तितकं त्याच्या दांड्याचं टोक वर येतं. पुन्हा फट कमीच. जुन्या, झिजलेल्या इंजिनात रॉकर, टॅपेट आणि पुशरॉडची टोकं घासत राहून फट बहुधा वाढत जाते आणि ते टकटक करून सांगतं. नवं बांधलेलं इंजिन उलट्या दिशेने जातं, म्हणून त्याच्यावर कानाने भरवसा ठेवता येत नाही. फिलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनीच मोजावं लागतं, आणि परत परत.

आता ते मोजायचं कसं, यात खरी मजा आहे.

काम सकाळी, रात्रभर गार झालेल्या इंजिनावर. गरम इंजिनाचं तापमान दर मिनिटाला बदलतं. पहिल्या सिलिंडरचं माप आणि सहाव्याचं माप मग एकाच तराजूत बसत नाही. काही इंजिनांना गरम माप दिलेलं असतं, हे खरं. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याला बांधलेल्या डॉज-फार्गो ट्रकांत पर्किन्सची डिझेल इंजिनं असायची. त्याच पर्किन्स घराण्यातल्या ६.३५४ ला थंडीत बारा थाऊ आणि गरम असताना दहा, तेही दोन्ही व्हॉल्व्हना सारखेच. म्हणून एका इंजिनाचं माप दुसऱ्याला लावू नये. हातातलं इंजिन कुठलं, ते आधी पक्कं करावं.

टॅपेट कव्हर उघडलं की बारा रॉकर रांगेत दिसतात. कुठला इनलेट, कुठला एक्झॉस्ट हे रांगेतल्या क्रमावरून गृहीत धरू नये. त्या व्हॉल्व्हसमोर हवेची नळी येते की सायलेन्सरकडे जाणारी, ते बोट लावून बघावं. पंपाचा स्टॉप ओढून ठेवावा. नव्या रिंगांमुळे इंजिन हाताने फिरायला जड जातं, नोझल काढलेली असतील तर सोपं पडतं. मग एक पोऱ्या खाली क्रँकच्या पुलीला पाना लावून बसतो आणि मिस्त्री वर उभा.

प्रश्न असा की कुठल्या क्षणी कुठला व्हॉल्व्ह ठेवायचा? व्हॉल्व्ह पूर्ण मिटलेला हवा, टॅपेट कॅमच्या उंचवट्यापासून लांब, गोल पाठीवर हवा. सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टोकाला, डिझेल पेटायच्या जागी असेल तेव्हा त्याचे दोन्ही व्हॉल्व्ह असेच निवांत असतात. पण बाहेरून ते ओळखायचं कसं? इथे सातचा हिशेब कामाला येतो.

या इंजिनात सिलिंडर पेटण्याचा क्रम १-५-३-६-२-४. क्रँकचा पुढचा अर्धा भाग मागच्या अर्ध्याचं आरशातलं रूप असतो, म्हणून पहिला आणि सहावा पिस्टन बरोबरच वर येतात, दुसरा आणि पाचवा बरोबर, तिसरा आणि चौथा बरोबर. प्रत्येक जोडीची बेरीज सात. जोडीतले दोघे एकाच वेळी वर येतात, पण एक पेटायला आलेला असतो तेव्हा दुसरा धूर बाहेर टाकून संपवत असतो. धूर टाकून संपण्याच्या त्या क्षणी त्याचा एक्झॉस्ट मिटत येतो आणि इनलेट उघडायला लागतो. दोन्ही रॉकर एकाच वेळी हलतात, एक वर, दुसरा खाली. मिस्त्री म्हणतात, ‘झुलतोय’. म्हणजे सहाव्याचे रॉकर झुलताना दिसले की पहिल्याचे टॅपेट ठेवायचे. तो निवांत आहे याची खात्री सहावा देतो.

"फिरव. हळू. थांब... जरा मागं. बस्स." सहावा झुलला, पहिला ठेवला. पुलीचा तिसरा हिस्सा फेरा, म्हणजे १२० अंश. आता दुसरा झुलतो, सातातून दोन गेले पाच: पाचवा ठेव. पुढच्या तिसऱ्या हिश्शाला चौथा झुलतो, तिसरा ठेव. मग पहिला झुलतो, सहावा ठेव. पाचवा झुलतो, दुसरा ठेव. तिसरा झुलतो, चौथा ठेव. क्रँकचे दोन पूर्ण फेरे, ७२० अंश, बारा व्हॉल्व्ह. फ्लायव्हीलवरची खूण धुळीत दिसत नसली तरी अडत नाही. शाळेत चौथीनंतर गेला नाही असा मिस्त्री हा हिशेब पोऱ्याला शिकवतो, तेव्हा तो चार स्ट्रोकचं पूर्ण शास्त्रच त्याच्या हाती देत असतो. चार सिलिंडरच्या ट्रॅक्टरला बेरीज पाचाची, एवढाच फरक.

गेजची पट्टी फटीत सरकवताना हात लागतो. सैल गेली तर फट जास्त, अडली तर कमी. जाड पुस्तकाखाली अडकलेला कागद फाटू न देता ओढून काढताना बोटांना जी ओढ लागते, तेवढीच हवी. नवशिक्याने दोन पट्ट्या वापराव्यात: एक्झॉस्टला ०.३० ची पट्टी घासून जावी, ०.३५ ची जाऊच नये. लॉक नट आवळताना स्क्रू त्याच्याबरोबर किंचित फिरतो, म्हणून स्क्रू पेचकसाने धरून नट आवळायचा आणि आवळल्यावर गेज पुन्हा घालून बघायचाच. ही दुसरी तपासणी टाळली की दोन-तीन थाऊ कधी निसटले ते समजत नाही.

जुना रॉकर तसाच वापरला असेल तर आणखी एक फसवणूक असते. वर्षानुवर्षं दांड्यावर घासून रॉकरच्या तोंडाला वाटीसारखा खळगा पडलेला असतो. गेजची सरळ पट्टी खळग्याच्या दोन्ही कडांवर टेकते, खळग्यात उतरत नाही. गेज आठ थाऊ दाखवतो आणि खरी फट बारा असते. त्यामुळे इंजिन बांधताना रॉकरची तोंडं घासून सरळ करून घ्यावीत. लायनरवर हजारो रुपये घालणारे मालक नेमके इथे पैसे वाचवतात, याचं मला वाईट वाटतं.

हे झालं पहिलं सेटिंग. कव्हर उघडंच ठेवून इंजिन सुरू करायचं आणि बाराही रॉकरांपाशी ऑइल पाझरतंय का बघायचं. एखादा कोरडा राहिला तर लगेच बंद. ऑइल आलं की कव्हर बसवून इंजिन पुरतं तापू द्यायचं, म्हणजे गॅस्केटला जे चेपायचं ते चेपेल. मग पुन्हा पूर्ण गार होऊ द्यायचं. घाईत बहुतेकांचं चुकतं ते इथे: आधी टॅपेट ठेवतात आणि मग आठवण झाली म्हणून हेडाचे बोल्ट आवळतात. क्रम उलटा हवा. आधी टॉर्क पान्याने हेडाचे बोल्ट, मधल्यापासून सुरुवात करून बाहेरच्या बाजूंना जात, मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापावर. त्यानंतर बाराही टॅपेट नव्याने. या वेळी बहुतेक फटी कमी भरलेल्या आढळतात. पहिल्या दिवशी मऊ चालणाऱ्या इंजिनाचं गुपित तेव्हा गेजवर दिसतं. दुसऱ्या सेटिंगनंतर इंजिन सुरू केलं की वरून बारीक, एकसारखी, शिवणयंत्रासारखी टिकटिक येते. मिस्त्रीचा चेहरा तेव्हा कुठे सैल होतो.

आजच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांत ऑइलच्या दाबावर चालणारे टॅपेट असतात, ते आपली फट आपणच भरून काढतात. मोठ्या डिझेल इंजिनांत मात्र अजूनही पुष्कळ ठिकाणी गेज आणि पेचकस लागतोच, दोन सेटिंगमधलं अंतर तेवढं लांबलं आहे.

तिसरं सेटिंग हजारेक किलोमीटर झाल्यावर, व्हॉल्व्ह सीटमध्ये रुतून स्थिर झाले की. आष्टीची गाडी तोवर गाव सोडून गेलेली असते. म्हणून इथला मिस्त्री टॅपेट कव्हरवर खडूने किलोमीटरचा आकडा लिहितो आणि ड्रायव्हरजवळ साधा का होईना, एक फिलर गेज देऊन ठेवतो. उसाने भरलेला ट्रक कारखान्याच्या आवारात नंबर लागेपर्यंत रात्रभर उभा असतो. पहाटे इंजिन थंडगार पडलेलं, शेकोट्या पेटलेल्या, रांग हलायला अजून अवकाश. शेजारच्या गाडीचा क्लीनर पुलीला पाना लावून बसतो, ड्रायव्हर बॉनेटवर चढून बॅटरीच्या उजेडात सहाव्या सिलिंडरचे रॉकर बघत राहतो. "फिरव... हळू. झुलला. थांब."